पानाचा फोटो फुटतो, आडवा येतो आणि उत्तरं तीन मिळतात: नेमकं काय चुकतंय?

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडतो. फळछाटणीला ३८ दिवस झालेत, बाग फुलोऱ्यात आहे आणि पानांवर पिवळे डाग दिसायला लागलेत. त्यांनी इथे प्रश्नासोबत नऊ फोटो जोडायला घेतले, तर ‘फाईल फार मोठी आहे’ असं येऊन एकही चढेना. मग मुलाने ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तिथून स्क्रीनशॉट काढले आणि ते जोडले. चढले, पण निम्मे आडवे. खाली उत्तरं तीन आली. एक म्हणतो दावण्या, दुसरा म्हणतो भुरी (दोन्ही बुरशीचे रोग), तिसरा म्हणतो मॅग्नेशियम कमी पडलंय. आता ते विचारतात की फोटो नीट जोडायचे कसे, आणि त्यासाठी चांगला फोन घ्यावा लागेल का?

फोन घेऊ नका. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत अडकल्यात. फाईल चढत नाही ही एक, आणि चढलेल्या फोटोतून निदान होत नाही ही दुसरी. पहिली पाच मिनिटांत सुटते. तीन उत्तरं आली ती मात्र दुसरीमुळे. नऊच्या नऊ फोटो पानाच्या वरच्या बाजूचे होते, सगळे भर उन्हातले, आणि एकातही पान काडीवर कुठलं हे कळत नव्हतं. तिघांनी आपापल्या अनुभवाने रिकामी जागा भरून काढली, त्यांना दोष देता येणार नाही.

आधी फाईलचं उरकू. साध्या फोनचा फोटोही आजकाल ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, आणि वजन साधारण ३ ते ६ एमबी. पुष्कळ साइट एका फोटोला १ किंवा २ एमबीच घेतात, काही ५ पर्यंत घेतात. तो आकडा जिथे फोटो जोडायचा तिथेच वाचून घ्या. पण वजन कमी करायचा सगळ्यात वाईट रस्ता म्हणजे स्क्रीनशॉट. फोन उभा धरून आडवा फोटो उघडला की पडद्यावर तो १०८० बाय ८१० एवढाच दिसतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये तेवढंच येतं. मूळ फोटोच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याइतके ठिपके उरले, बाकी गेले. वर-खाली बॅटरीची खूण आणि बटणं आली ती वेगळीच.

यामुळे निदानाचं काय होतं, हे आकड्यांतून बघा. १२ सेंटिमीटर रुंदीचं पान फोटोची निम्मी रुंदी व्यापतंय असं धरू. मूळ फोटोत दर मिलिमीटरला १६ ठिपके मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० वर येते, म्हणजे मिलिमीटरला ६-७ ठिपके. स्क्रीनशॉटमध्ये ४-५. थ्रिप्स असतो जेमतेम एक मिलिमीटरचा. सोळा ठिपक्यांत तो लांबट, पिवळसर किडा म्हणून ओळखू येतो. चार ठिपक्यांत तो आणि मातीचा कण सारखेच. त्यात जेपीजी पद्धत आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून माहिती गाळते आणि उजेड-अंधारापेक्षा रंगाची माहिती जास्त गाळते. पिवळा डाग हिरव्यात कसा मिसळत जातो, कड तेलकट आहे की तुटक, हेच आम्ही सल्ला देणारे बघत असतो आणि नेमकं तेच आधी पुसलं जातं. फोटो एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा फिरत आला की ही गाळणी पुन्हा पुन्हा बसते.

म्हणून वजन कमी करताना क्रम पाळा: आधी कापा, मग लागलंच तर लहान करा. क्रॉप केल्याने आजूबाजूचा फापटपसारा जातो, डागातला एकही ठिपका जात नाही. लहान केल्याने सगळ्यातलेच ठिपके जातात. मूळ फोटो गॅलरीत उघडा, पानाच्या कडेने क्रॉप करा आणि वेगळी प्रत म्हणून साठवा. नुसत्या एवढ्यानेच ४ एमबीचा फोटो दीड-दोन एमबीवर येतो. तरीही मर्यादेबाहेर असेल तर लांब बाजू २००० पिक्सेल आणि दर्जा ८० ते ८५ ठेवून जेपीजी साठवा. पानाच्या फोटोचं वजन मग साधारण ५०० केबी ते १ एमबी भरतं. काही फोनच्या गॅलरीत आकार बदलायची सोय असतेच. नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं गूगलचं स्क्वूश वापरा. ते फुकट आहे, आणि फोटो कुठे न पाठवता तुमच्याच फोनवर काम करतं. कॉम्प्युटर असेल तर पेंट उघडा, ‘रिसाइझ’मध्ये टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा, आडवा आकडा २००० करा, प्रमाण कायम ठेवायची खूण चालू असू द्या आणि जेपीजी म्हणून साठवा.

घरातलं पोरगं स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरत असेल तर फोनवर फोटो ५० केबीचा करून देणारं एखादं अ‍ॅप नक्की असतं. ते इथे वापरू नका. पासपोर्ट फोटोला ५० केबी पुरतात, दावण्याच्या बुरशीला पुरत नाहीत.

फोटो आडवा का होतो? फोन आतमध्ये चित्र एकाच दिशेने साठवतो आणि सोबत ‘हे ९० अंशांत फिरवून दाखवा’ अशी नोंद लिहितो. तुमची गॅलरी ती नोंद वाचते, म्हणून तुम्हाला सरळ दिसतो. साइटने ती वाचली नाही किंवा फोटो लहान करताना ती गळाली, की तोच फोटो आडवा. शेतकऱ्याच्या फोटोत हे जास्त होतं, कारण पान जमिनीवर किंवा तळहातावर ठेवून फोन बरोबर वरून, आडवा-सपाट धरला जातो. तेव्हा वरची बाजू कोणती हे फोनलाच कळत नाही आणि नोंद चुकीची पडते. फोन आधी उभा धरा, मग पानाकडे थोडा तिरका करा. आणि पाठवण्याआधी एकदा क्रॉप करून साठवा. बहुतेक गॅलरी तेव्हा चित्र खरोखर फिरवून साठवतात आणि आडवेपणाची भानगड मिटते. वर सांगितलेलं क्रॉप तुम्ही करणारच आहात, त्यामुळे हे वेगळं काम नाही.

आयफोन असेल तर आणखी एक. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो आणि काही साइट तो घेतच नाहीत. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, पुढचे फोटो जेपीजी येतील. फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवलेलं बरं. मराठी नावाची फाईल काही जुन्या साइटवर उघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, फाईल आहे तशी पोचते. किंवा पाठवताना वर दिसणारं ‘एचडी’ दाबा. ही सोय २०२३ पासून आहे. मात्र मूळ फाईल पाठवली की तिच्यासोबत फोटो काढल्याची तारीख-वेळ आणि लोकेशन चालू असेल तर बागेची जागाही जाते. सल्लागाराला एकट्याला पाठवताना त्याचा उपयोगच होतो. शेकडो अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करून फोटो काढा. दुकानदाराच्या बिलाचा किंवा सातबाऱ्याचा फोटो तर जोडूच नका, त्यावर नाव, मोबाईल, गट नंबर सगळं असतं.

गूगल फोटोज किंवा ड्राइव्हची लिंक देणं सोपं वाटतं, पण ती लिंक चित्राची नसते, चित्र दाखवणाऱ्या पानाची असते. परवानगी ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी केली नसेल तर समोरच्याला ‘अ‍ॅक्सेस मागा’ एवढंच दिसतं. शिवाय दोन महिन्यांनी तुम्ही जागा रिकामी करायला अल्बम पुसला, की तुमच्यासारखेच डाग घेऊन आलेल्या पुढच्या माणसाला नुसती उत्तरं दिसतात, कशाची ते दिसत नाही. २०१७ मध्ये फोटोबकेटने दुसऱ्या साइटवर चित्र दाखवायची फुकट सोय बंद केली, तेव्हा जगभरच्या जुन्या चर्चांमधली चित्रं अशीच एका झटक्यात गेली. फोटो जिथे प्रश्न तिथेच चढवा.

आता मुख्य गोष्ट. कुठले फोटो?

बांधावर उभा राहिलेला सल्लागार पानाला हात लावण्याआधी बाग बघतो. सगळ्यात जास्त माहिती तिथे असते आणि नेमका तोच फोटो कोणी पाठवत नाही. ओळीच्या टोकाला उभे राहून, १०-१५ मीटर आत दिसेल असा एक फोटो घ्या, आणि एक बागेच्या कडेने, शेजारचं रान दिसेल असा. डाग एकाच कडेच्या दोन-तीन ओळींत आहेत आणि पलीकडे ऊस आहे? मग मी रोगाआधी विचारीन की उसात तणनाशक कधी मारलं. २,४-डी चं नुसतं वाऱ्याने आलेलं तुषारही द्राक्षाला सोसत नाही. कोवळी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींना समांतर येतात, कडा दातेरी होतात. आपल्या जिल्ह्यात ऊस आणि द्राक्ष बांधाला बांध लावून आहेत, त्यामुळे ही शंका दरवेळी घ्यावी लागते. नुसत्या एका पानाच्या फोटोत हीच आखडलेली पानं विषाणूजन्य रोगासारखी दिसतात.

तसंच, डाग सखल भागात, जिथे पाणी साचतं आणि सकाळचं दव उशिरापर्यंत राहतं तिथे जास्त असतील तर दावण्याकडे काटा झुकतो. दाट पानोळ्यात, सावलीत, हवा खेळत नाही तिथे असतील तर भुरी आठवते. एकच ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिवळी असेल तर ठिबकची लॅटरल तपासा. सगळ्या बागेत एकसारखं, एकाच वयाच्या पानांवर, एकाच रात्रीत आलं असेल तर आदल्या दिवशीची फवारणी आठवा. करपलेलं पान औषधाचंही असतं.

तिसरा फोटो एका काडीचा, ओलांड्यापासून (वेलीची आडवी मुख्य फांदी) शेंड्यापर्यंत, घडासकट. मॅग्नेशियमची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, शिरांलगत हिरवा पट्टा राहतो. लोहाची कमतरता उलट, शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. पालाश (पोटॅश) कमी असेल तर जुन्या पानांच्या कडा करपतात. क्षारांनीही कडाच करपतात, पण तेव्हा पाण्याचा आणि मातीचा इतिहास विचारावा लागतो. म्हणजे ‘पान पिवळं पडलंय’ या वाक्याला अर्थ येतो तो पान काडीवर कितवं आहे यातून. तुमच्या नऊ फोटोंत सगळी पानं तोडून हातावर घेतलेली आहेत, त्यामुळे ज्याने मॅग्नेशियम म्हटलं त्याला खोडून काढायलाही काही साधन नाही.

चौथा आणि पाचवा फोटो एकाच पानाचे, वरून आणि खालून. एकाच पानाचे, हे पुन्हा सांगतो. एका पानाची वरची बाजू आणि दुसऱ्याची खालची जोडली तर वरच्या डागाखाली काय आहे ते कळत नाही, आणि सगळं निदान तिथेच अडतं. दावण्याची बुरशी पानाच्या रंध्रांतून बाहेर येते आणि ती रंध्रं खालच्या बाजूला असतात. त्यामुळे वर पिवळा, तेल सांडल्यासारखा अर्धपारदर्शक डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी, कापसासारखी वाढ, अशी जोडी दिसते. भुरी पानाच्या दोन्ही बाजूंना येते, राखेसारखी वरवर बसते, ओल्या बोटाने पुसली तर सुरुवातीच्या काळात खालचं पान हिरवं निघतं. बोट फिरवण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दिले तर शंका बरीच कमी होते.

पांढऱ्या रंगाचा तिसरा दावेदार म्हणजे फवारणीचा साका. गंधक, कॅल्शियम, बोर्डो, यांचे वाळलेले थेंब फोटोत हुबेहूब भुरीसारखे दिसतात. फरक असा की साक्याला थेंबाची गोल कड असते, तो पानाच्या टोकाकडे ओघळून जमतो आणि वरच्या उघड्या बाजूवर जास्त असतो. बोर्डो निळसर मारतो. फोटो स्वच्छ असेल तर ही कड दिसते, फुटलेल्या फोटोत दिसत नाही. तुम्हाला ‘भुरी’ असं उत्तर देणाऱ्याने बहुधा हाच साका पाहिलाय, कारण तुम्ही चार दिवसांपूर्वी गंधक मारल्याचं खाली कुठेतरी लिहिलंय.

वर तेलकट डाग आहे पण खाली बुरशी नाही, असंही होतं. ती बाहेर यायला रात्रीचा अंधार आणि भरपूर ओल लागते, कोरड्या दिवसांत ती आतच बसून राहते. अशी दोन-तीन पानं संध्याकाळी तोडा, पाण्यात बुडवून पिळलेल्या वर्तमानपत्रात हलकेच गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घरात अंधारात रात्रभर ठेवा. सकाळी खालची बाजू बघा. डागाखाली पांढरी लव आली असेल तर लगेच फोटो घ्या, उघड्यावर ती पटकन सुकते. हा फोटो दहा साध्या फोटोंना भारी आहे. लव आली नाही म्हणून दावण्या नाहीच असं मात्र धरू नका. डाग जुना असेल किंवा आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरणारं) औषध नुकतंच मारलेलं असेल तरी ती येत नाही.

थ्रिप्स, तुडतुडे असल्या किडींचा फोटो पानावर घेऊ नका, मिळत नाही. पांढऱ्या कागदावर शेंडा धरून दोन-तीनदा झटका द्या आणि कागदाचा फोटो घ्या. पडलेले किडे काही सेकंद तरी जागेवर असतात, तेवढ्यात घ्यायचा.

फोटो काढायची पद्धत म्हणाल तर सगळ्यात आधी लेन्स पुसा. फवारणीच्या हाताने हाताळलेल्या फोनवर औषधाचा थर असतो आणि सगळा फोटो धुक्यातला वाटतो. मऊ सुती कापड पुरे. वेळ सकाळी आठ ते दहा, किंवा ढगाळ हवा. दावण्याची लव मात्र त्याआधी, दव सुकायच्या आत बघायची. भर उन्हात पांढरं अतिपांढरं होतं आणि सावली काळी, मधलं काही उरत नाही. फ्लॅश नको, तो पानाच्या चकाकीवरून उलटतो. मांडवाखाली सगळा उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे फोटोवर हिरवी झाक चढते आणि पिवळेपणा खोटा पडतो. पान मांडवाबाहेर आणा, आपल्या अंगाच्या सावलीत धरा. तेलकट डाग दाखवायचा असेल तर एक जास्तीचा फोटो पान आकाशाकडे धरून घ्या, प्रकाश आरपार येऊ द्या.

पान कशावर ठेवायचं? पांढऱ्या कागदावर ठेवलं तर कॅमेरा पांढऱ्याला सांभाळायला जाऊन पान काळपट करतो. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घ्या, आतली खाकी बाजू वर करा. रंग मध्यम, चकाकी नाही, आणि हे घरात पडलेलंच असतं. कडेला पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला रंगाची झाक किती आहे याचा अंदाज येतो. शेजारी त्याच वयाचं एक निरोगी पान ठेवा. मापासाठी शाळेची पट्टी उत्तम. ती नसेल तर १० रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. एक, दोन आणि पाचची नाणी नको, त्यांची मापं मालिकेनुसार बदललीत.

फोन पानापासून वीतभर लांब. जवळ गेलं की जास्त दिसेल असं वाटतं, पण बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा अर्ध्या वितीच्या आत नीट फोकसच करत नाही, मोठा सेन्सर असलेले नवे फोन तर त्याहूनही लांबून करतात. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ विसरून जा. वीतभरावरून मुख्य कॅमेऱ्याने काढून नंतर क्रॉप केलेला फोटो त्याच्यापेक्षा चांगला येतो. दुप्पट झूम चालतो, त्यापुढचा नाही. डागावर बोट टेकवा, फोकसचा चौकोन स्थिर होऊ द्या. डाग पांढरट असेल तर उजेडाची खूण थोडी खाली ओढा. ‘एआय’ किंवा ‘सीन ऑप्टिमायझर’ बंद करा. हे प्रकरण झाड ओळखलं की हिरवा रंग आपणहून गडद करतं. लग्नाच्या फोटोला ते शोभेल, पण फिकट पडलेलं पान तजेलदार दाखवलं तर सल्ला चुकणारच. वाऱ्याने पान हलत असेल तर देठ मागून चिमटीत धरा. प्रत्येक बाजूचे तीन-तीन फोटो घ्या आणि बागेतच उभे राहून गॅलरीत पूर्ण मोठे करून बघा. बारीक शिरा सुट्या आणि स्पष्ट दिसतात तो ठेवा, बाकीचे पुसा. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

फोटो पाच-सहाच्या वर नकोत. पंधरा फोटो आले की बघणारा पहिले तीन उघडतो. त्यांना क्रमांक द्या आणि मजकुरात त्याच क्रमांकाने बोला: ‘फोटो ४, खालून पाचवं पान, वरची बाजू.’ कोणत्या क्रमाने निवडले त्याच क्रमाने ते बहुतेक ठिकाणी चढतात, तरी चढल्यावर एकदा तपासा.

सोबतच्या मजकुरात हे हवं: जात आणि खुंट, छाटणीची तारीख किंवा छाटणीनंतरचे दिवस, गेल्या आठवड्यात पाऊस-धुकं-दव काय होतं, डाग पहिल्यांदा कधी दिसले, शंभरातल्या किती वेलींवर आहेत, आणि गेल्या दहा दिवसांतल्या फवारण्या, घटकाच्या नावाने आणि प्रमाणासकट. औषधाच्या बाटल्यांचा ओळीत मांडून काढलेला फोटो नको. व्यापारी नावं पन्नास असतात, घटक एकच असतो, तो लेबलवरून बघून टाईप करा. फवारणी वहीच्या पानाचा फोटोही नको, अक्षर लागत नाही. गाव-तालुका पुरे, पत्ता नको.

हे सगळं पिकाप्रमाणे बदलतं. कोरेगाव, साताऱ्याकडच्या आले उत्पादकांचे पिवळ्या पानांचे फोटो येतात, त्यातून काहीच सांगता येत नाही, कारण दुखणं खाली कंदात असतं. तिथे झाड उपटून, माती धुऊन, कंद उभा कापून फोटो घ्या. जिवाणूजन्य मर असल्याची शंका असेल तर जमिनीलगतचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात सोडा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागा उतरला तर तो फोटो, मागे काळं कापड धरून. बुरशीच्या कंदकुजीत असा धागा येत नाही.

आणि काही गोष्टी कितीही चांगल्या फोटोतून कळत नाहीत. मुळावरच्या सूत्रकृमींसाठी मुळं बघावी लागतात, अन्नद्रव्यांचा खरा हिशेब देठ परीक्षणातून लागतो. फुलोऱ्यात असाल तर घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. तुमच्या बागेत मॅग्नेशियमचा वाद मिटवायचा असेल तर तो प्रयोगशाळेतच मिटेल. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जवळपासही माती-देठ तपासणारे आहेत. फोटोवरून ‘मॅग्नेशियम’ म्हणणाऱ्याने फार तर शंका घ्यावी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संध्याकाळी तीन पानं ओल्या वर्तमानपत्रात घालून ठेवा. उद्या उजाडल्यावर त्यांच्या खालच्या बाजूचा फोटो, मग बागेत जाऊन ओळीचा एक, बांधाकडचा एक, काडीचा एक, आणि पुठ्ठ्यावर एकाच पानाचे दोन. क्रॉप करा, जोडा, वर म्हटलेला मजकूर लिहा. गंधकाची तारीख सगळ्यात वर लिहा. पण फुलोऱ्यातली बाग आहे आणि गेल्या आठवड्यात पाऊस झालाय, हे खरं असेल तर फोटोंच्या उत्तरांची वाट बघत बसू नका. दावण्या या अवस्थेत पानावरून घडावर गेला की घड हातचा जातो. बागेत येऊन बघेल असा गावातला माहितगार किंवा सल्लागार उद्याच बोलवा आणि हेच फोटो त्यालाही दाखवा. आणि तो जे सांगेल ते इथे खाली लिहा, म्हणजे पुढे हे फोटो बघणाऱ्याला डाग कशाचा निघाला तेही कळेल.